चारशे सतराचं लिंबू

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी आमच्या यार्डातल्या एकशे बारा गाड्यांनी व्हिडिओ गेममध्ये बदली मिळावी म्हणून अर्ज केले, आणि त्यांवर आवक क्रमांक घालायचं काम माझ्याकडे आलं.

अर्ज नीटनेटके होते. डाव्या बाजूला समास, वर तारीख, विषयाखाली रेघ. सहीच्या जागी डाव्या पुढच्या चाकाचा ठसा होता आणि तो चौकटीबाहेर गेलेला नव्हता. भीमथडी मोटर्सच्या चाकणच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, पण माणसांचे रजेचे अर्ज इतके सुबक आलेले मला आठवत नाहीत. सगळ्यांचा मजकूर एकच होता, म्हणजे एकीनं लिहून बाकीच्यांनी उतरवून काढला होता. त्यालाही माझी हरकत नाही. बोनसच्या वेळी आम्हीही तसंच करतो.

मजकूर असा होता : "मी खाली ठसा करणारी गाडी गेली दोन वर्षे यार्डात उभी असून पाडव्यासारख्या मुहूर्तावरही मला ग्राहक मिळालेला नाही. व्हिडिओ गेममध्ये रस्ते मोकळे असून गाड्यांना मागणी आहे असे समजते. तरी माझी बदली तेथे व्हावी, ही विनंती."

हे त्यांना कुठून समजलं, ते मला ठाऊक होतं. आमचा वॉचमन दिवसपाळीत कुठल्या ना कुठल्या बॉनेटला पाठ टेकून फोनवर 'भन्नाट घाट' नावाचा गाड्यांचा गेम खेळतो. मागच्या गाडीला पुढच्या काचेतून त्याचा फोन सरळ दिसतो. दोन वर्षांत त्याची सगळ्या बॉनेटांना पाठ टेकून झाली होती.

व्हिडिओ गेमविषयी माझं मत आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको. माणूस तीन तास गाडी चालवतो आणि उठतो तेव्हा जिथं बसला होता तिथंच असतो, ह्याला मी प्रवास मानत नाही. आमच्या घरी हे मत चालत नाही. माझी बायको शैला हाच गेम खेळते आणि आमच्या सोसायटीत तिचा पहिला नंबर आहे. तिनं वीस वर्षांपूर्वी राजगुरुनगरच्या मोटार स्कूलमधून खरं लायसन काढलं. ते ती मुदत संपली की नवं करून आणते आणि पर्समध्ये ठेवते. गाडी मात्र आम्ही कधी घेतली नाही. मी कंपनीच्या बसनं जातो.

गाड्या का खपत नाहीत ह्यावरही माझं मत आहे. कंपनीनं त्यासाठी मुंबईहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी तीन दिवस पडद्यावर आलेख दाखवले आणि जाताना चाकण चौकात दोन तास अडकले. मला विचारलं असतं तर मी त्यांना पहिल्याच दिवशी त्या चौकात नेऊन उभं केलं असतं. तिथं गाडी तासाला चार हात सरकते. त्यातून आमचं 'सुयोग' मॉडेल बुटकं, डिकीवालं. अडकलेल्या माणसाला निदान उंचावरून पुढची रांग दिसावी अशी इच्छा असते, म्हणून लोक उंच गाड्या घेतात. आमच्या गाडीतून पुढच्याचा बंपर दिसतो.

अर्जांची चळत घेऊन मी पर्सोनेलच्या सोहोनी मॅडमकडे गेलो. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण फाइल हातात आली की साठीच्या वाटतात.

"गव्हाणे, हे थ्रू प्रॉपर चॅनेल आलंय ना?"

"हो मॅडम. मीच चॅनेल."

"परस्पर वर पाठवलं असेल तर मला परत करावं लागेल."

"परस्पर जायला त्यांना गेटपास लागतो. तोही मीच देतो."

मॅडमना बरं वाटलं. त्यांनी ड्रॉवरमधून मार्चअखेरच्या मोजणीची यादी काढली आणि पेन्सिल फिरवत म्हणाल्या, "अर्ज एकशे बारा. यादीत यार्डातले नग एकशे चौदा दिसतायत."

"गाड्या एकशे तेरा आहेत. एकशे चौदावा मी."

हे मला नेहमी समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे मोजणीच्या दिवशी यार्डात जे उभं दिसेल ते लिहायचं, अशी पद्धत आहे. नऊ वर्षांपूर्वी मोजणी करणारा माणूस नवा होता आणि मी नेमका रांगेच्या टोकाला उभा होतो. त्यानं लिहिलं : 'यार्ड इन्चार्ज, नग एक, चालू स्थितीत'. एकदा यादीत चढलेला नग काढायला तीन सह्या लागतात. त्या कधी एका दिवशी एका इमारतीत सापडल्या नाहीत.

"बरं. मग राहिलेल्या एकीचा अर्ज कुठंय?"

"तिनं दिला नाही."

"का?"

"जायचं नाही म्हणते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "इच्छा विचारायचा रकाना फॉर्ममध्ये आहे का?" त्यांनी विचारलं. रकाना नव्हता, हे मलाही मान्य करावं लागलं.

आठ दिवसांनी 'भन्नाट घाट' बनवणाऱ्या कंपनीचा माणूस गाड्या घ्यायला बाणेरहून आला. अनिश बेलसरे. तिशीच्या आतला, बुटात मोजे नाहीत, आणि पहिल्या वाक्यापासून मला काका म्हणणारा. त्यानं एकेका गाडीचं दार उघडून आत डोकं घालून वास घेतला.

"काका, सगळ्या कोऱ्या आहेत ना? एकीचीही डिलिव्हरी झालेली नको."

"का बरं?"

"मागं आम्ही साताऱ्याची एक वापरलेली गाडी घेतली होती. रेसमध्ये एक नंबर पळायची. पण संध्याकाळी सहा वाजले की कुठंही असली तरी डावीकडं वळायची आणि घरी जायला निघायची. लोकांनी खूप शिव्या घातल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे. रस्ता बघितलेली गाडी नको."

त्याचं म्हणणं मला पटलं. माणसांचंही तसंच होतं.

त्याची दुसरी अट अशी की नग एकशे तेराच पाहिजेत. त्यांनी गेममध्ये आमचं यार्ड आधीच काढून ठेवलं होतं, एकशे तेरा चौकोन आखून. एक चौकोन रिकामा राहिला तर गेम त्यात पडतो आणि वर येत नाही, असं त्यानं सांगितलं. करार झाला तर आमच्या कारखान्याची एक पाळी चालू राहणार होती. नाही झाला तर गेटला कुलूप लागणार होतं. सोहोनी मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि त्या राहिलेल्या गाडीचा ठसा आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

ती गाडी म्हणजे चारशे सतरा. चेसिस नंबरचे शेवटचे तीन आकडे. राखाडी रंग, पहिली रांग, माझ्या केबिनच्या खिडकीसमोर, जांभळाखाली. उन्हाळा सरता सरता तिच्या टपावर जांभळं फुटतात आणि मी ते डाग रोज ओल्या फडक्यानं पुसतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये आणि टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून दर पंधरा दिवसांनी आम्ही प्रत्येक गाडी चालू करतो, चार हात पुढे नेतो आणि चार हात मागे आणतो. तिच्या मीटरवर दोन किलोमीटर होते. कारखान्यापासून यार्डापर्यंतचं अंतर वजा केलं तर उरलेले सगळे चार हात पुढे आणि चार हात मागे असेच झालेले. सव्वीस महिने.

मी दार उघडून तिच्यात बसलो आणि म्हणालो, "अगं, तुझ्या एकटीपायी सगळं अडलंय."

"माहितीये साहेब," ती म्हणाली. "बाकीच्या बोलत नाहीत माझ्याशी."

"तिथं रस्ते मोकळे आहेत. चौक नाही, खड्डा नाही. काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण साहेब, मागं शोरूममधून ती डेमो गाडी परत आली होती बघा, लाल. तिनं सांगितलं, गाडी गिऱ्हाइकाकडं जाताना चाकाखाली लिंबू ठेवतात. तिचं स्वतःचं झालं नव्हतं, पण तिनं शेजारणीचं बघितलं होतं. म्हणाली, चाक लिंबावरनं जातं तेव्हा कसलातरी बारीक आवाज होतो. त्याच्यानंतर मग रस्ता."

"बरं मग?"

"मला तो आवाज ऐकायचाय. गेममध्ये लिंबं आहेत का?"

मी बेलसरेला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "रॉकेट आहे, सोन्याची नाणी आहेत, केळीची सालं आहेत. लिंबू नाही."

चारशे सतरानं ते ऐकलं. तिनं काही हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "एकदा लिंबू करा साहेब. मग तुम्ही म्हणाल तिथं ठसा देते." मला फार वाईट वाटलं. सव्वीस महिने समोर उभी असलेली गाडी, आणि मागून मागून काय मागते तर दोन रुपयांचं लिंबू. मी लगेच शब्द दिला.

इथं माझी चूक झाली. नुसतं लिंबू नेलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी घरी शैलाला सांगितलं.

"नुसतं लिंबू कसं?" शैला म्हणाली. "पहिलटकरणीसारखी ती, आणि तुम्ही नुसतं लिंबू घेऊन जाणार? लोक काय म्हणतील?"

"यार्डात लोक नाहीत."

"बाकीच्या एकशे बारा आहेत ना! येत्या अक्षय्य तृतीयेला करू. मी येते."

अक्षय्य तृतीयेला शैला ठेवणीतली साडी नेसून कंपनीच्या बसमधून आली. पिशवीत नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार, चार चाकांची चार लिंबं, निरांजन आणि एक किलो कंदी पेढे. तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गाडीला ओवाळलं, नारळ फोडून पाणी चारी टायरांवर शिंपडलं. मी लिंबं ठेवली. बाकीच्या गाड्या बघत होत्या. नेमका त्याच दिवशी बेलसरे गाड्यांचे फोटो काढायला आला होता. शैलानं त्याच्याही हातावर पेढा ठेवला, तो चांगला आहे म्हणाला, तेव्हा आणखी एक ठेवला.

"आता बसा आणि घ्या पुढे," शैला मला म्हणाली.

मी किल्ली हातात घेतली. समोर ती उभी होती, पर्स काखेत धरून, आणि पर्समध्ये वीस वर्षं न वापरलेलं लायसन. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. का ठेवली, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बरं वाटलं एवढं खरं.

शैला बसली. इंजिन चालू झालं. चाकं फिरली आणि तो बारीक आवाज झाला, चार वेळा. चार हात झाले. आता ब्रेक लागायचा, ह्याची चारशे सतराला सव्वीस महिन्यांची सवय. ब्रेक लागला नाही. शैलानं स्टिअरिंग वळवलं, आणि त्या गाडीचं पुढचं चाक जन्मात पहिल्यांदा यार्डात वळलं. तिनं कुंपणाच्या कडेनं पूर्ण फेरी मारली, तिसऱ्या रांगेतून बाहेर आली आणि केबिनसमोर हॉर्न वाजवून थांबली. माझे डोळे भरून आले होते. बेलसरेनं ते बघितलं आणि विषय बदलायचा म्हणून विचारलं, "काका, हे पेढे कशाचे?"

"गाडीचे," मी म्हणालो.

त्याच्या तोंडात दुसरा पेढा अर्धा होता. तो चावायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी सोहोनी मॅडमच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मी, बेलसरे, आणि साक्षीसाठी पेढ्यांचा रिकामा खोका.

"गव्हाणे, औक्षण झालं?"

"झालं."

"नारळ?"

"फुटला. चांगला निघाला."

"लिंबावरून गाडी स्वतःच्या इंजिनानं गेली की ढकलली?"

"इंजिनानं."

"पेढे कशाचे म्हणून वाटले?"

"गाडीचे म्हणून."

मॅडम बेलसरेकडे वळल्या. "आपण किती खाल्लेत?"

"दोन," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"खाताना काही हरकत नोंदवलीत?"

"नाही. चांगले होते."

"मग डिलिव्हरी झाली," असं म्हणून मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ह्यात माझ्या हातात काही नाही. गाडीचे पेढे खाल्ल्यावर गाडी कोरी राहत नाही. किल्ली कोणाच्या हातात होती?"

"मंडळींच्या."

"म्हणजे गाडी त्यांची."

गाडी कोणत्या सदराखाली द्यायची, हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. आमच्याकडे तीस वर्षं पूर्ण करणाऱ्याला कंपनीतर्फे भिंतीवरचं घड्याळ देतात. माझ्या वर्षी घड्याळं संपली होती आणि माझं घड्याळ बाकी होतं. गाड्या मात्र भरपूर होत्या. मॅडमनी 'घड्याळाऐवजी' असा शेरा मारून चारशे सतरा शैलाच्या नावावर केली.

खोलीत जरा वेळ सगळे खूश होते. मग बेलसरे म्हणाला, "पण माझा लॉट एकशे बाराचा झाला. एक चौकोन रिकामा राहतोय. असा लॉट मला घेता येणार नाही."

खिडकीतून पहिल्या पाळीचे लोक कॅन्टीनकडे जाताना दिसत होते. मॅडमनी मार्चअखेरची यादी पुन्हा काढली. त्यांची पेन्सिल वरून खाली येताना मी बघत होतो. ती एकशे तेरावर थांबली नाही. मला तिथंच कळलं.

"गव्हाणे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "करारात 'गाडी' असा शब्द नाही. 'यार्डातील नग' असं आहे. तुमची डिलिव्हरी झालेली नाही ना?"

"नाही मॅडम."

"आणि शेरा 'चालू स्थितीत' असाच आहे."

"मला चालेल," बेलसरे म्हणाला. "गेटवर माणूस लागतोच. काका, सहा वाजता डावीकडं वळणार नाही ना?"

मी एक दिवसाची मुदत मागितली. मला भीती वाटत होती, आणि ती वाटत नाही असं दाखवण्यात अर्थ नव्हता. यादीवर तीन सह्या आणून मी माझं नाव काढू शकलो असतो. त्या दिवशी, कधी नव्हे ते, तिन्ही साहेब एकाच मजल्यावर होते. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. पण माझं नाव निघालं असतं तर चौकोन भरायला चारशे सतराची डिलिव्हरी रद्द करावी लागली असती. लिंबू परत गोल करता येत नाही. मी दारावरूनच मागे फिरलो.

घरी शैलानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिथं जेवणाचं काय?"

"भूक लागत नाही म्हणे."

"म्हणजे डबा द्यायचा नाही?"

"नाही."

एकतीस वर्षं तिनं पहाटे उठून डबा भरला होता. एवढं सगळं ऐकताना जी रडली नाही, ती डबा द्यायचा नाही म्हटल्यावर रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "कुठल्या गेटवर असणार?"

"यार्डाच्या."

"म्हणजे पहिल्या लेव्हलला. मग तर मी रोज येते." आणि तिनं फोन चार्जिंगला लावला.

मे महिन्याच्या मध्याला बदलीचा आदेश निघाला. एकशे बारा गाड्या आणि यार्ड इन्चार्ज एक. सुटीचा विषय निघाला तेव्हा बेलसरे म्हणाला की गेम बंदच होत नाही, त्यामुळे साप्ताहिक सुटी देता येणार नाही. मी त्याला कामगार कायदा सांगितला. तो म्हणाला, नगांना लागू नाही.

इथं येऊन मला पाच महिने झाले. यार्ड हुबेहूब आहे. केबिनच्या काचेला गेलेला तडासुद्धा त्यांनी काढलाय, पण जांभळाला जांभळं येत नाहीत. केबिनमध्ये खुर्ची आहे, तिच्यावर बसता येत नाही. मोजणीच्या दिवशी मी उभा होतो, म्हणून इथंही उभाच. खेळणारे गेटमधून शंभरच्या वेगानं जातात आणि गेटपास दाखवत नाहीत. मी प्रत्येकाला हात करतो. शैला सोडली तर आजवर एकानंच वेग कमी केला.

ती रोज साडेसहाला येते. खेळणाऱ्यांना आतल्यांशी बोलता येतं. ती गेटवर गाडी थांबवून मला चारशे सतराची खुशाली सांगते. आज बाजारात नेली, उद्या राजगुरुनगरला माहेरी नेणार, परवा टपावर जांभळं पडली तर मी पुसली, असं. मागून बाकीचे खेळणारे हॉर्न वाजवत असतात.

गाड्यांना पहिला महिना फार आवडलं. रस्ता मोकळा, मागणी चिक्कार. मग एकेक केबिनशी येऊन थांबायला लागली. भिंतीवर आपटलं तरी तीन सेकंदांत पुन्हा नवी होते साहेब, पण कोणी फडकं मारत नाही, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, अकरा दिवस मला कोणी निवडलंच नाही. म्हणून मी इथंही दर पंधरा दिवसांची फेरी सुरू केली. चार हात पुढे, चार हात मागे. त्यानं कोणाचा काही फायदा होत नाही. बॅटरी इथं उतरत नाही. तरी रांग लागते.

आणि मग त्यांच्यातल्या एकीनं विचारलंच, "साहेब, चारशे सतराला तो आवाज कसा वाटला हो?"

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकशे बारा अर्ज आले. समास सोडलेले, विषयाखाली रेघ. मी ते शिफारशीसह बेलसरेला पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

"काका, लिंबू टाकता येईल. पण त्यानं स्पीड वाढणार का?"

"नाही."

"नाणी मिळणार?"

"नाही."

"मग होणार काय?"

"बारीक आवाज होईल," मी म्हणालो.

बहुतेक त्याला पेढा आठवला असावा. "दसऱ्याच्या अपडेटमध्ये बघतो," तो म्हणाला.

दसऱ्याला सकाळी केबिनच्या दारात लिंबांची पाटी आली. रंग जरा जास्त पिवळा, बाकी बरी होती. गाड्या पहाटेपासून रांगेत. पण लिंबावरून गाडी खेळणाऱ्यालाच न्यावी लागते, आणि लिंबू चिरडून नाणं मिळत नाही म्हटल्यावर एकही खेळणारा थांबेना. दुपार झाली. मी गेटवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात केला. एक जण माझ्या अंगावरून गेला. इथं लागत नाही, पण बरंही वाटत नाही.

चार वाजता शैला आली. तिच्या वेळेच्या अडीच तास आधी.

"आज लवकर?" मी विचारलं.

"अहो, चौकात अडकलेय. दसऱ्याची गर्दी. इंजिन बंद करून बसलेय चारशे सतरामध्ये. सगळेच बसलेत. म्हटलं तेवढ्यात तुम्हांला भेटून घ्यावं." मग तिला रांग दिसली, आणि पाटी दिसली. तिनं आणखी काही विचारलं नाही. "ठेवा लिंबं," ती म्हणाली.

मी लिंबं ठेवत गेलो आणि ती एकेकीला वरून नेत गेली. पहिलीच्या वेळी आवाज झाला तेव्हा मागच्या एकशे अकरा एकदम शांत झाल्या. बेलसरेनं आवाज चांगला केला होता. प्रत्येकीला शैलानं कुंपणाच्या कडेनं एक फेरीही मारून आणली, ब्रेक न लावता. मागचे खेळणारे हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि दुसऱ्या गेटनं गेले. एकशे बारा गाड्यांना दोन तास लागले. शेवटची फेरी संपली तेव्हा गाड्या नुसत्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. माझा हात पाटीत रिकामा फिरला.

"चला, आमच्या इथं हाललं वाटतं," शैला म्हणाली. फोन तिनं शेजारच्या सीटवर ठेवला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला. इंजिन चालू झाल्याचं ऐकू आलं. ते मी शंभर गाड्यांत ओळखतो. मग पुन्हा बंद झालं.

"किती सरकली?" मी विचारलं.

"चार हात."

सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि मागे?"

"मागे नाही," शैला म्हणाली.